वरचे काका सगळ्यांनाच आवडायचे

चॅनेलच्या बैठकीत भिंतीवर जो तक्ता दाखवला, त्यात ताईचं नाव सगळ्यात खाली होतं.

मालिका विनोदी होती आणि सहा वर्षं चालली होती. एक घर, घराखाली टेलरिंगचं दुकान, घर आणि दुकान दोन्ही ओढणारी ताई, तिचे म्हातारे वडील, एक आळशी भाऊ आणि वरच्या मजल्यावर राहणारे दाताचे डॉक्टर. त्यांना सगळे वरचे काका म्हणत. दर वर्षी चॅनेल प्रेक्षकांना विचारायचं, यातलं कोण तुम्हाला किती आवडतं. वरचे काका दर वर्षी पहिले, त्यांच्याखाली वडील, मग भाऊ. या वर्षी तर आठवड्यातून एकदा दारात येऊन "सही करा" एवढंच म्हणणारा पोस्टमनसुद्धा ताईच्या वर जाऊन बसला होता.

"ही बाई लोकांना नको झालीय," चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या. "सारखी कटकट. सारखी कुणाच्या तरी मागे लागलेली. मला स्वतःला ती दिसली की आवाज बारीक करावासा वाटतो."

टेबलाच्या टोकाला मालिकेची लेखिका बसली होती. घरी ती दोघी बहिणींतली धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू.

"अहो, पण तिच्यामुळेच तर गोष्ट चालते," धाकटी म्हणाली. "तिला काहीतरी हवं असतं म्हणून ती खोटं बोलते, घोळ घालते, लोकांना कामाला लावते. मग बाकीचे त्यावर हसवतात. काकांचं काय? दार उघडायचं, एक वाक्य टाकायचं आणि लोक हसत असतानाच निघून जायचं. त्यांना कधी काही हवंच नसतं. असा माणूस कुणाला आवडणार नाही? त्यांना बावीस मिनिटं त्या घरात बसवून बघा."

"बसवूया की," मॅडम म्हणाल्या. "तेच तर म्हणतेय मी."

असं ते ठरलं. बारा भागांत ताईला घराबाहेर काढायचं. लांबच्या कुठल्यातरी नोकरीवर पाठवायचं. टेलरिंगच्या दुकानात काका दवाखाना थाटतील आणि पुढची मालिका त्यांची. "आणि जाताना रडारड नको," मॅडम म्हणाल्या, "लोकांना तिची आठवण येता कामा नये."

धाकटीनं मान डोलावली. मान डोलावण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं.

आता, ही ताई धाकटीनं काही हवेतून आणलेली नव्हती.

तिची थोरली बहीण वडिलांमागे चष्म्याचं दुकान चालवायची. दुकान खाली, राहायचं वर. आईचं खुब्याचं हाड मोडल्याला सात वर्षं झाली होती, तेव्हापासून आईचं जग म्हणजे पलंग आणि खिडकीजवळची खुर्ची. खाली थोरली गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून "आता वाचा खालची ओळ" म्हणत असतानाच वरून काठी आपटल्याचा आवाज यायचा. एकदा आपटली तर पाणी. दोनदा आपटली तर बाथरूम. सारखी आपटत राहिली तर काही नाही, नुसतं वर बोलवायचंय. थोरली गिऱ्हाइकाला तसंच एक डोळा झाकलेलं ठेवून जिना चढायची. औषधं, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, साखर वाढली की खाण्यावर पहारा. बोलून बोलून तिचा घसा कायम बसलेला. "मी काय दहा हातांची आहे का?" हे तिचं दिवसातून दहा वेळा.

आणि धाकटी रविवारी अकराला जायची. फुलं न्यायची. पलंगाच्या कडेला बसून दिग्दर्शकाची नक्कल करायची, चॅनेलच्या मॅडमची करायची, वरच्या काकांचं काम करणाऱ्या नटाचा विग वाऱ्यानं कसा उडाला ते सांगायची. आई हसून हसून डोळे पुसायची. "तू आलीस की या घरात जीव येतो गं," आई म्हणायची. "नाहीतर ही आहेच, दिवसभर मला दामटायला." ही म्हणजे थोरली. ती तेव्हा बहुतेक चादर बदलत असायची. चार वाजले की धाकटी आईचा मुका घेऊन निघायची. मधे एकदोनदा हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये जायची आणि थोरलीची वाक्यं फोनमध्ये टिपून ठेवायची, विसरायला नकोत म्हणून.

मालिकेतल्या बाईला तिनं वेगळं नावसुद्धा दिलं नव्हतं. घरात थोरलीला ती ताईच म्हणायची. ताया काय, घरोघरी असतात, कुणाला कळणार?

बैठकीनंतरच्या रविवारी आई जेवून झोपली आणि दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या. थोरली गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होती. सोमवारच्या खणात चार, मंगळवारच्या खणात चार.

"ताईला काढणार म्हणे," ती मान वर न करता म्हणाली. "पेपरात आलंय."

"हो. चॅनेलचा निर्णय आहे."

"बरंच झालं. मलाही ती आवडायची नाही."

धाकटीला हसावं की नाही कळेना. "का गं?"

"कोणाला आवडेल? सदा कपाळाला आठी. काका कसे मोकळे, हसरे." तिनं बुधवारच्या खणाचं झाकण लावलं. "मी ओळखलं होतं हं. पहिल्याच महिन्यात. म्हटलं, तू सांगशील कधीतरी."

धाकटीचा चेहरा पडला. "ताई, अगं, ते तसं नाही. लिहिताना इकडचं तिकडचं घ्यावंच लागतं…"

"मी कुठे रागावलेय? जॅमच्या बाटलीचा तेवढा भाग मनाला लागला. मी जॅमची बाटली लपवली, तर आई डॉक्टरांसमोर म्हणाली होती ना, ही मला उपाशी ठेवते म्हणून. त्या दिवशी मी तुला फोन करून रडले होते. ते सगळं तू जसंच्या तसं घेतलंस. आणि मी रडले तिथे हशा घातलास." ती थांबली. "तुझ्या काकांनी त्या म्हाताऱ्याला चोरून चमच्यानं जॅम भरवला, तेव्हा टाळ्या होत्या. त्यानंतर त्याची साखर कोणी तपासली, ते काही दाखवलं नाहीत."

तो भाग सहा वर्षांत सगळ्यात जास्त पाहिला गेलेला होता.

"एक विचारू?" थोरली म्हणाली. "तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही म्हणून विचारते. सहा वर्षांत त्या बाईला एकदाही कोणी चहा करून दिला नाही. ती सगळ्यांना देते. पोस्टमनलाही देते. तिला का कोणी देत नाही?"

"तिला कोणी प्रेमानं वागवलं की गोष्ट थांबते, ताई. ती अडचणीत असायला लागते."

"असं होय," थोरली म्हणाली. तिला ते पटलेलं दिसलं. निदान तिनं पुढे काही विचारलं नाही. डबी बंद केली, ओट्यावर ठेवली आणि मग अगदी दुकानाच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात म्हणाली, "येत्या बुधवारी माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. आईला तीन आठवडे तुझ्याकडे ने."

"कधी कळलं तुला?"

"झाले दोन महिने."

"आणि मला आज सांगतेस?"

"तू रविवारी येतेस," थोरली म्हणाली. "आईचा हसायचा दिवस असतो तो."

आई धाकटीकडे आली. चौथ्या मजल्यावर लिफ्टनं, खुर्चीत बसून, राणीसारखी. धाकटी एकटीच राहायची. तिनं लिहायच्या खोलीत पलंग टाकला, खिडकीत फुलं ठेवली. पहिले दोन दिवस छान गेले. आई म्हणाली, "मी आधीच इथे यायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी नकला संपल्या. विग उडाल्याची गोष्ट आईनं पाचव्यांदा ऐकली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. चौथ्या दिवशी आईनं गोळ्या गालात धरून ठेवल्या आणि उशीखाली थुंकल्या. पाचव्या दिवशी धाकटीला सकाळी दहापर्यंत भाग पाठवायचा होता, दिग्दर्शकाचे फोनवर फोन येत होते, आणि आईनं नुकतीच बदललेली चादर पुन्हा ओली केली.

"आई, दोन मिनिटं आधी सांगता येत नाही का तुला?" धाकटी ओरडली. "मुद्दाम करतेस का?"

तिचा आवाज बसलेला होता. आईनं तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं धाकटीच्या ओळखीचं होतं. सात वर्षं तिनं ते पलंगाच्या कडेला बसून पाहिलं होतं, फक्त तेव्हा आई थोरलीकडे बघत असायची. पण चादर काढावीच लागली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं, असं ते म्हणाले. गाठ एका जागी राहिलेली नव्हती. दोन महिने आधी आली असती तर फरक पडला असता का, ते सांगता येत नाही, म्हणाले. "सांगता येत नाही" या शब्दांवर धाकटी पुढे कितीतरी दिवस अडकून पडली.

थोरली घरी आली, दुकानाचं शटर खालीच राहिलं. तिच्यासाठी दिवसभराची एक मदतनीस बाई ठेवली. तीन आठवड्यांचे सात झाले, आणि एके दिवशी दुपारी थोरली टॅक्सीनं आईला भेटायला आली. गाल बसलेले, स्वेटर खांद्यावरून घसरणारा. येताना आईसाठी रंगीत दोऱ्याची चष्म्याची साखळी घेऊन आली. पलंगाच्या कडेला टेकली, आईचा हात हातात घेतला. तिला वाकता येत नव्हतं, चादर बदलता येत नव्हती, काही उचलता येत नव्हतं. म्हणून ती नुसती बसली. बसली आणि बोलली. दुकानात एक गृहस्थ स्वतःच्याच डोक्यावरचा चष्मा हरवला म्हणून नवा करायला आले होते, ते सांगितलं. आई खो खो हसली.

"तू आलीस की किती बरं वाटतं गं," आई म्हणाली. मग दाराकडे बघून, जराही आवाज न उतरवता, "ही नुसती अंगावर ओरडते."

ही म्हणजे धाकटी. ती औषधाचा पेला घेऊन दारात उभी होती.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, ताई आता हसेल. थोरली हसली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते सुखानं भरून आले होते. सात वर्षं जे वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं ते आज आलं होतं, कशामुळे आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरीही ते तिनं दोन्ही हातांनी घेतलं. आणि धाकटीच्या मनात त्या वेळी काय आलं? कळवळा नाही आला. चीड आली. दीड तास यायचं आणि कौतुक करून घ्यायचं, असं तिच्या मनात आलं. मरायला टेकलेल्या बहिणीबद्दल आलं. हे तिनं नंतर कोणालाही सांगितलं नाही.

टॅक्सीपर्यंत सोडायला गेली तेव्हा थोरली म्हणाली, "तुझ्यावर चिडली नाहीये ती. जो जवळ असतो त्याच्यावर निघतं."

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय करणार होते? तुला आवडायचं ना यायला," थोरली म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ताईचा शेवटचा भाग धाकटीनं दोन दिवसांत लिहिला. त्यात शेवटी तिनं एक प्रसंग घातला. ताई बॅग भरून बसलेली असते, घरचे आपापल्या घोळात असतात, आणि तो आळशी भाऊ आतून चहाचा कप आणून तिच्यासमोर ठेवतो. काही बोलत नाही. ताई कपाकडे बघते, मग पिते. एवढंच. चित्रीकरणाच्या वेळी ताईचं काम करणाऱ्या नटीनं कप उचलला आणि "कट" म्हटल्यावरही तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. "सहा वर्षांत हे पहिलंच काम केलं मी," ती नंतर म्हणाली. "दुकानात बायका मला विचारतात, घरीपण अशीच ओरडता का हो?"

धाकटीनं थोरलीला फोन केला. "शनिवारचा भाग नक्की बघ. शेवटपर्यंत बघ."

शनिवारी संध्याकाळी ती मुद्दाम थोरलीकडे गेली; आईजवळ त्या दीड तासापुरती शेजारीण बसली. थोरली उशांना टेकून होती, अंगावर शाल. भाग सुरू झाला. ताई ओरडली, बॅगेवर बसून ती बंद करायला गेली, पडली. हशा. काका वरून आले, म्हणाले, "जाताय ते ठीक, पण माझी इस्त्री?" मोठा हशा. ताई दाराबाहेर गेली. काकांनी तिच्या खुर्चीवर बसून पाय पसरले, आणि नावं वर सरकू लागली.

चहाचा प्रसंग नव्हता. मॅडमना तो विनोदी वाटला नव्हता, शिवाय जाहिरातीसाठी चाळीस सेकंद हवे होते. त्यांनी तो काढताना लेखिकेला कळवायची गरज कोणाला वाटली नाही.

"मी लिहिला होता," धाकटी म्हणाली. "ताई, खरंच. तिला चहा देतात, असं लिहिलं होतं मी. चित्रीकरणसुद्धा झालं होतं. त्यांनी कापला."

"असं?" थोरली म्हणाली.

तिनं विश्वास ठेवला नाही, हे धाकटीला त्या एका शब्दात कळलं. त्यात राग नव्हता. रविवारी चार वाजता "पुढच्या वेळी जास्त थांबते" असं धाकटी म्हणायची, तेव्हाही थोरली असंच "असं?" म्हणायची. धाकटी उठून चहा करायला गेली. कप घेऊन आली तेव्हा थोरलीनं ओठ लावले आणि कप परत केला. चहा तिला आता पचत नव्हता.

सोळा दिवसांनी ती गेली. सकाळी, मदतनीस बाई खिडकी उघडत असताना. धाकटी तेव्हा आईला भरवत होती.

मालिकेचं पुढे जे व्हायचं तेच झालं. काकांच्या नावावर घर आलं, दवाखाना आला. दवाखाना आला म्हणजे तो चालावा असं त्यांना वाटायला लागलं. मग ते पेशंट मिळवायला खोटं बोलायला लागले, पोस्टमनला राबवायला लागले, म्हाताऱ्यावर खेकसायला लागले. दुसरं काय करणार, बावीस मिनिटं भरायची होती. पुढच्या तक्त्यात काका सगळ्यात खाली गेले. "असं कसं झालं?" मॅडमनी फोनवर विचारलं. धाकटीला कारण माहीत होतं, तिनं ते त्यांना एकदा सांगितलंही होतं. आता पुन्हा सांगायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. पाच महिन्यांनी मालिका बंद पडली. तिला त्याचं काही वाटलं नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं.

थोरली गेल्याचं आईला तिनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा आई नव्यानं रडली. चौथ्यांदा सांगायचं धाकटीनं टाळलं. तेव्हापासून आई विचारते, "ती कधी येणार?" आणि धाकटी म्हणते, "येईल." मग आई शेजारणीला सांगते, माझी थोरली फार गुणाची, कधी आवाज चढवून बोलली नाही. शेजारीण मान हलवते आणि धाकटीकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघते.

मंगळवारी फिजिओथेरपिस्ट येते. तरुण आहे, गाणं गुणगुणत येते, पंचवीस मिनिटं पाय वरखाली करते आणि जाते. आई तिच्यासाठी केस विंचरून घेते. ती गेली की आईचा चेहरा उतरतो.

परवाच्या मंगळवारी ती जाताना म्हणाली, "आजींची पायाची नखं वाढलीत, तेवढी काढाल का?"

धाकटीनं कोमट पाण्याचं पातेलं आणलं, आईचे पाय त्यात बुडवले, पुसले आणि एक पाऊल मांडीवर घेतलं. नखं जाड झाली होती, पिवळी. आईनं पाय मागे ओढला.

"सोड. दुखतंय."

"अजून नेलकटर लावलासुद्धा नाही, आई."

"तू दुखवतेस. थोरलीला येऊ दे. ती हळू काढते."

धाकटीनं घोटा घट्ट धरला. अंगठ्याचं नख कापलं, मग त्याच्या शेजारचं. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती, आवाज न करता.

"हलू नकोस," धाकटी म्हणाली. "अजून आठ राहिलीत."